पानाचे बाह्य भाग व त्यांचीं कामें

शेतांतील पीक बरें आहे कीं वाईट हें शेतकरी प्रथम पानावरून ठरवितो. मूळ जमिनींत गडप असतें, खोड पानांनीं झांकलेलें असतें, आणि फूल-फळ येईतों निम्मा हंगाम सरलेला असतो; सबब पेरणीनंतरचे पहिले कांहीं आठवडे शेतांत वाचण्याजोगें असें पानाखेरीज फारसें कांहीं नसतें. असें असतांहि पानाच्या निरनिराळ्या भागांचीं नांवें व कामें आपणांस पुरतीं ठाऊक नसतात. पानें पिवळीं पडलीं, पानें लाल झालीं, पानें गुंडाळलीं, एवढेंच आपण दुकानदारास सांगतों आणि तो जी बाटली देईल ती घेऊन घरीं येतों. पिवळेपणा टोंकाकडून आला कीं कडेकडून, जुन्या पानावर आला कीं पोंग्यांतील नव्या पानावर, शिरा हिरव्या राहिल्या कीं त्याहि पिवळ्या पडल्या, आणि पानाच्या पाठीवर कांहीं होतें कीं नव्हतें, या चार प्रश्नांचीं उत्तरें जो देऊं शकेल त्यास पुष्कळ वेळां बाटलीची गरज पडणार नाहीं, आणि पडलीच तर कोणती हें त्यास आधीं कळेल. याच हेतूनें पानाचे बाहेरून दिसणारे भाग व त्यांचीं कामें येथें सांगितलीं आहेत. शास्त्रीय नांवें जरूर तेवढींच घेतलीं आहेत.

उदाहरणाकरितां कपाशी व ज्वारी हीं दोन पिकें घेऊं. पहिलें रुंद व जाळीदार शिरांच्या पानांचें, दुसरें लांब व समांतर शिरांच्या पानांचें. तूर, सोयाबीन, भुईमूग, द्राक्ष, आंबा हीं कपाशीच्या बाजूस पडतात. भात, गहू, बाजरी, मका, ऊस हीं ज्वारीच्या बाजूस.

कपाशीचें पूर्ण वाढलेलें एक पान झाडावरून न तोडतां हातांत घ्यावें. खोडाशीं तें जेथें चिकटलेलें असतें त्या भागास पर्णतल म्हणजे पानाचें बूड म्हणतात. बूड व खोड यांच्यामधील वरच्या कोनास बगल म्हणावें. या बगलेंत डोळा असतो व त्यांतूनच पुढें फांदी फुटते. पान कोठें सुरू होतें याची खरी हद्दीची खूण हा डोळाच होय. सोयाबीनच्या एका देठावर तीन पातीं दिसतात म्हणून तीं तीन पानें समजूं नयेत. त्या प्रत्येक पात्याच्या बगलेंत डोळा नसतो. तो खोडालगत, देठाच्या बुडाशींच असतो. म्हणून तें पान एक व त्याच्या पर्णिका तीन. कडुनिंबाची अगर शेवग्याची जी डहाळीसारखी दिसणारी रचना गळून पडते तीहि वस्तुतः एकच पान असतें. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पुष्कळ तणनाशकांच्या वेष्टनावर, तण दोन ते चार पानांवर असतांना फवारावें, असें छापलेलें असतें. सोयाबीनमध्यें माजणाऱ्या तरोट्याच्या एका पानास बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका म्हणजे पान असें धरून मोजणाऱ्यास एका पानाचा तरोटा सहा पानांचा वाटतो, आणि वेळ टळून गेली असें समजून तो फवारणी सोडून देतो.

देठाच्या बुडाशीं दोहों बाजूंस लहान पानांसारखें जें कांहीं असतें त्यांस उपपर्णें म्हणतात. कपाशींत तीं बारीक असून लौकर गळतात. वाटाण्यांत तीं पानाएवढीं रुंद असतात व पानाचेंच काम करतात. वडाच्या शेंड्यावरील टोपी हें उपपर्णच. कोंवळें पान उमललें कीं ती गळून पडते. बाभळीचे व बोरीचे कांटे हेंहि उपपर्णांचेंच रूपांतर आहे. शेतकऱ्यास यांपैकीं शेवटच्या प्रकाराची ओळख करून देण्याची जरुरी नाहीं.

बुडापासून पात्यापर्यंतचा दांडा तो देठ. मुळांनीं शोषलेलें पाणी व खनिजें यांतून पात्याकडे जातात, आणि पात्यांत तयार झालेली साखर याच वाटेनें परत येऊन बोंड, दाणा व मुळें यांस पोंचते. दुसरें काम पातें उजेडापुढें धरण्याचें. अमेरिकन कपाशीचीं पानें सकाळीं पूर्वेकडे व सायंकाळीं पश्चिमेकडे कललेलीं दिसतात. सोयाबीन, तूर इत्यादि कडधान्यवर्गांतील पिकांच्या देठाच्या बुडाशीं व पर्णिकांच्या बुडाशीं किंचित् फुगीर सांधा असतो. त्यांतील पाणी कमीजास्त होऊन पातीं वर-खालीं हलतात. पावसानें ओढ दिली असतां भर दुपारीं सोयाबीनचें सगळें रान पांढुरकें दिसूं लागतें. तो रोग नव्हे. पर्णिका या सांध्यावर फिरून ऊन चुकविण्यासाठीं उभ्या राहतात व त्यांची फिकट पाठ आपल्या दृष्टीस पडते. अशा वेळीं फवारणीचा पंप नव्हे, पाण्याची सोय काढावी.

द्राक्षबागेंत या देठास आणखी एक मान मिळालेला आहे. एप्रिल छाटणीनंतर सुमारें ४५ दिवसांनीं बागेंत फिरून काडीच्या बुडापासून पांचव्या पानाचे देठ गोळा करतात व प्रयोगशाळेंत तपासून खताची मात्रा ठरवितात. पातें तेथल्या तेथें तोडून टाकावयाचें व देठ तेवढा ठेवावयाचा. माल गोदामांत पोंचण्यापूर्वीं नाक्यावर मोजावा तसाच हा प्रकार आहे. नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांस ही रीत परिचयाची आहे. इतर फळबागा लावणारांनीं आपल्या फळझाडांत कोणतें पान व पानाचा कोणता भाग तपासतात हें विचारून घ्यावें, कारण तें पिकापिकाप्रमाणें बदलतें.

देठापुढील पसरट भाग म्हणजे पातें. हाच पानाचा कारखाना. हवेंतील कर्बवायु व मुळांकडचें पाणी यांपासून उन्हाच्या जोरावर येथें साखर तयार होते. पात्यांत पसरलेल्या शिरा या पाटाप्रमाणें पाणी वाटतात व सांगाड्याप्रमाणें पातें ताठ ठेवतात. कपाशीचें पान उलटें करून मध्यशीर पाहिल्यास बुडापासून थोड्या अंतरावर एक बारीक खळगा आढळेल. त्यांतून गोड रस पाझरतो व त्यावर मुंग्या येतात. पुष्कळ जण यास रोगाचा डाग समजतात; तो डाग नसून मधुग्रंथि आहे, आणि तिच्या लोभानें येणाऱ्या मुंग्या व लहान गांधीलमाशांसारखे कीटक कपाशीच्या कांहीं शत्रूंचा फडशा पाडतात. तसेच पान उजेडासमोर धरल्यास काळसर बारीक ठिपके दिसतात. त्यांत किडींस न मानवणारें द्रव्य असतें. तेहि स्वाभाविकच समजावे.

केळीचें पान रुंद खरें, परंतु त्याच्या उपशिरा मध्यशिरेपासून कडेपर्यंत एकमेकींस समांतर जातात. त्यामुळें वारा लागला कीं तें शिरेशिरेनें फाटतें. फाटलेलें पान मरत नाहीं, पण वाऱ्याचा मारा सततचा झाल्यास चिंध्या होऊन घडाचें पोषण घटतें. जळगांव जिल्ह्यांत बागेच्या वाऱ्याकडील बाजूस शेवरी अगर उंच गवताची दाट ओळ लावतात ती याच रचनेकडे पाहून.

आतां ज्वारीचें पान घेऊं. यास देठ नसतो. त्याच्या जागीं खोडास वेढून बसणारें लांब आवरण असतें, आणि आवरण संपतें तेथून पातें बाहेर वळतें. खोडाच्या प्रत्येक कांड्याचा, पेराच्या लगेच वरचा भाग फार दिवस कोंवळा राहतो व तेथूनच कांडें लांबतें. त्या कोंवळ्या भागास आधार देणें हें आवरणाचें मुख्य काम. वाऱ्यानें आडवें झालेलें कोंवळें ताट चार दिवसांनीं पुन्हां वर वांकतें तें पेराजवळच्या वाढीमुळेंच. आवरण व पातें यांच्या सांध्यावर आंतील अंगास पातळ पडद्यासारखी जी पट्टी असते तीस जिव्हिका म्हणजे जिभली म्हणतात. पात्यावरून वाहून येणारें पाणी, धूळ व बारीक किडे आवरणांत शिरूं नयेत म्हणून ही जणूं उंबऱ्याची पट्टी. भात पिकविणारांस तिचा निराळाच उपयोग आहे. रोपवाटिकेंत सांव्याच्या जातीचें तण भाताच्या रोपासारखें हुबेहूब दिसतें. परंतु पान बाहेर वांकवून सांध्यावर पाहिलें असतां भातास जिभली व तिच्या बाजूंस केंसाळ कर्णिका असतात, आणि या तणास दोन्ही नसतात. लावणीच्या मुठींतून तण शेतांत नेण्यापेक्षां रोपवाटिकेंतच दहा मिनिटें वांकून बसावें हें बरें.

ज्वारीच्या मध्यशिरेचा रंगहि पाहण्यासारखा आहे. ती पांढरी शुभ्र असल्यास ताट बहुधा कोरडें व भेंडाचें निघतें; मळकट हिरवट असल्यास ताट रसाळ असतें. कडब्यासाठीं बी राखून ठेवणारानें कणीस पाहण्यापूर्वीं ही शीर पाहावी.

उसाचें पान याच घडणीचें. त्याचें आवरण व पातें यांचीं कामें इतकीं निराळीं आहेत कीं हवाई बेटांत हॅरी क्लेमेंट्स या शास्त्रज्ञानें उसाच्या पोषणाचा हिशेब ठेवण्याची जी पद्धति बसविली, तींत शेंड्याकडून तिसऱ्या ते सहाव्या पानांचीं पातीं नत्रासाठीं तपासावयाचीं, व त्याच पानांचीं आवरणें पाणी, पालाश इत्यादींसाठीं तपासावयाचीं, असा नियम आहे. एकाच पानाच्या दोन भागांत दोन खातीं. ऊस वाढतो तशीं खालचीं पानें वाळून आवरणासह खोडास चिकटून राहतात. अशा वाळलेल्या आवरणाखालीं पिठ्या ढेकूण व खवले किडीस निवारा मिळतो, म्हणून वाळलेलें पाचट काढून सरींत पसरणें हितावह आहे. परंतु गुरांच्या वैरणीसाठीं हिरवीं पानें ओरबाडणें ही गोष्ट निराळी. हिरवें आवरण ओढून काढलें कीं कांड्याचा कोंवळा भाग उघडा पडतो व पात्याचा कारखानाहि बंद होतो. ज्वारींतहि दाणा भरण्याच्या वेळीं कणसाजवळचीं वरचीं पानेंच दाण्यास सर्वांत अधिक पुरवठा करतात. वैरणीची टंचाई असेल तेव्हां अगदीं खालचीं, पिवळीं पडूं लागलेलीं पानें काढल्यास फारसें बिघडत नाहीं. वरच्या पानांस मात्र दाणा पक्व होईतों हात लावूं नये.

येथवर पानाच्या लांबीकडे पाहिलें. यापुढें त्याच्या दोन बाजू पाहूं; आणि आमच्या मतें सर्व लेखांत हाच भाग शेतकऱ्याच्या अधिक कामाचा आहे. महसूल खात्यांत पीकपाहणीचे वेळीं बांधावर उभें राहून पिकाचें नांव लिहिण्याची चाल आम्हीं वर्षानुवर्षें पाहिली. सन २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी स्वतःच मोबाईलवर पिकाचें छायाचित्र काढून नोंद करूं लागला. नोंदीपुरतें तें ठीक आहे. परंतु बांधावरून पाहिलें काय किंवा छायाचित्रांतून पाहिलें काय, पानाची पाठ दिसत नाहीं. आणि पुष्कळ झाडांत पानाचा मोठा व्यवहार पाठीवरच चालतो.

पानाच्या कातडींत डोळ्यांस न दिसणारीं बारीक छिद्रें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. एका चौरस मिलिमीटर जागेंत तीं बहुधा शेंकड्यांनीं भरतात. प्रत्येक रंध्राच्या दोहों बाजूंस ओठांसारख्या दोन पेशी असून त्या पाण्यानें फुगल्या कीं रंध्र उघडतें, सैल पडल्या कीं मिटतें. दिवसा उजेडांत उघडावयाचें, रात्रीं व पाण्याचा तुटवडा पडल्यास मिटावयाचें, असा सर्वसाधारण क्रम. कर्बवायु याच दारानें आंत येतो आणि पाण्याची वाफ याच दारानें बाहेर जाते. मुळांनीं शोषलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ९५ हून अधिक पाणी अशा रीतीनें हवेंत जातें. तें सर्वस्वीं वायां गेलें असें समजूं नये. त्या ओढीनेंच पाणी व खनिजें शेंड्यापर्यंत चढतात व पान उन्हांत थंड राहतें. आंबा, वड, द्राक्ष यांचीं रंध्रें पानाच्या पाठीवरच असतात. कपाशींत दोहों बाजूंस असून पाठीवर अधिक असतात. ज्वारी, गहू, मका यांचें पान उभेंसर वाढतें व त्याच्या दोन्ही बाजूंस रंध्रें असतात. कमळाचें पान पाण्यावर पडून राहतें, म्हणून त्याचीं रंध्रें वरच्या अंगास.

ज्यांस प्रत्यय पाहावयाचा असेल त्यांनीं आंब्याचीं सारख्या आकाराचीं चार पानें घ्यावींत. चौघांच्याहि देठाच्या तुटलेल्या टोंकास व्हॅसलीन लावावें. मग एकाच्या वरच्या बाजूस, दुसऱ्याच्या पाठीस व तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंस व्हॅसलीन चोपडावें आणि चौथें तसेंच ठेवावें. चारहि पानें दोरीवर सावलींत टांगावींत. कांहीं दिवसांनीं चौथें व पहिलें सुकलेलें दिसेल, दुसरें व तिसरें बराच काळ टवटवीत राहील. घरांतील शाळकरी मुलांकडून हा प्रयोग करवावा.

आतां यावरून पुढें काय निघतें तें पाहा. द्राक्षावरील ज्या रोगास आपल्याकडे केवडा म्हणतात, त्याचे बीजाणु पानाच्या पाठीवरील ओलीत पोहत रंध्रापर्यंत जातात व तेथून आंत शिरतात. वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या बरोबर खालीं पाठीवर पांढरी बुरशी, ही त्याची खूण. भुरीचा रोग याउलट. त्याची बुरशी रंध्राची वाट पाहत नाहीं, कातडी भेदून आंत जाते आणि पानाच्या वरच्या बाजूसहि राखेसारखी पसरते. फ्रान्समध्यें बोर्डो शहरानजीक रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांस अटकाव म्हणून मोरचूद व चुना यांचें मिश्रण शिंपीत असत. त्या वेलींवर केवडा कमी आहे हें मिलार्दे यांच्या ध्यानीं आलें व सन १८८५ मध्यें त्यांनीं तें मिश्रण औषध म्हणून प्रसिद्ध केलें; तेंच आजचें बोर्डो मिश्रण. मात्र तें आंत मुरणारें नव्हे, जेथें पडेल तेथेंच रक्षण करतें. पानाच्या वरच्या बाजूनें धुवून काढलेली व पाठ कोरडी राहिलेली बाग केवड्यास उघडीच राहते. पंपाचें नोझल खालून वर धरावें असें जें सांगतात त्याचें कारण हेंच.

केवडा या शब्दाविषयीं येथेंच एक इशारा देणें जरूर आहे. ज्वारी-मक्यावरील बुरशीच्या रोगासहि केवडा म्हणतात, आणि उसाचीं नवीं पानें पांढरट पिवळीं पडलीं म्हणजे त्यासहि केवडा पडला असेंच म्हणतात. नांव एक, पण प्रकृति निराळी. ज्वारी-मक्याच्या केवड्यांत भल्या सकाळीं पान उलटल्यास पाठीवर पांढरी बुरशी दिसते. उसाच्या केवड्यांत पाठ स्वच्छ असते. शिरा हिरव्या व शिरांमधील भाग पिवळा असे लांब पट्टे दिसतात आणि तेहि नव्या, वरच्या पानांवर. ती लोहाची उणीव होय. चुनखडीच्या जमिनींत लोह असूनहि तें मुळांस उचलतां येत नाहीं. येथें बुरशीनाशक फवारणें म्हणजे उपाशी माणसास तापाचें औषध देणें. हिराकस शेणखतांत मुरवून जमिनींत द्यावा व पातळ द्रावण पानांवर फवारावें.

उणीव नव्या पानावर कीं जुन्या पानावर, यास इतकें महत्त्व कां, तेंहि सांगतों. नत्र, पालाश व मॅग्नेशियम हीं द्रव्यें झाडांत फिरतीं असतात. तुटवडा पडला कीं झाड तीं जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेतें. म्हणून खुणा प्रथम खालच्या पानांवर उमटतात. लोह एकदां ज्या पानांत बसलें तेथून सहसा हलत नाहीं. म्हणून त्याची खूण नव्या पानांवर. ज्वारी-मक्याच्या खालच्या पानांवर टोंकापासून मध्यशिरेच्या बाजूनें आंत पाचरीसारखा पिवळेपणा शिरल्यास नत्र कमी समजावें. कडेकडेनें करपत गेल्यास पालाश कमी समजावें.

कपाशीवरील लाल्याच्या बाबतींत पानाची पाठ न पाहिल्यानें सर्वांत अधिक पैसा वायां जातो असें आमचें मत आहे. बोंडें भरण्याच्या सुमारास, विशेषतः रात्री थंड होऊं लागल्या म्हणजे, पानें लाल पडतात. अन्नद्रव्यांची, त्यांतहि मॅग्नेशियम व नत्र यांची उणीव असल्यास हा लालपणा वाढतो. परंतु तुडतुड्यांनीं रस शोषल्यानेंहि पानाच्या कडा प्रथम पिवळ्या व मग लाल होतात. बांधावरून दोन्ही सारखेंच दिसतें. पान उलटें करावें. तुडतुडे असतील तर हिरवट, पाचरीच्या आकाराचे बारीक जीव शिरांजवळ बसलेले आढळतील व बोट नेतांच तिरपे धांवतील. शिवाय कडा मुडपलेल्या असतील. शेताच्या निरनिराळ्या भागांत अशीं पानें पाहून दर पानामागें सरासरी दोन-तीन तुडतुडे भरले तरच औषधाचा विचार करावा. पाठ स्वच्छ असल्यास कीटकनाशकाचा कांहींएक उपयोग नाहीं. तेथें मॅग्नेशियम सल्फेट व युरिया यांची फवारणी लागू पडते. सन २००२ पासून आपल्या देशांत बीटी कपाशी आली. ती बोंडअळ्यांकरितां होती, रस शोषणाऱ्या किडींकरितां नव्हे, म्हणून तुडतुड्यांकडे दुर्लक्ष करूनहि चालत नाहीं. पण न पाहतां केलेली फवारणी नुसती पैशाचीच हानि करते असें नाहीं. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत उंच वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जी फवारणी टळण्यासारखी आहे ती टाळण्यासाठीं पान उलटण्याइतकें श्रम कोणासहि जड वाटूं नयेत.

पानाच्या कातडीवर लव व मेण हीं दोन संरक्षणें असतात. कपाशीच्या पाठीवरील दाट व लांब लव तुडतुड्यांस अंडीं घालूं देत नाहीं व सोंड टेकूं देत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत बार्बर्टन येथें पार्नेल या संशोधकानें लवदार कपाशी निवडून तुडतुड्यांचा प्रश्न बराचसा सोडविला होता. गंमत अशी कीं तीच लव पांढऱ्या माशीस आवडते. म्हणून वाण निवडतांना आपल्या भागांत कोणत्या किडीचा जोर असतो हें आधीं पाहावें. ज्वारींतहि असेंच. खोडमाशी आपलीं पांढरीं लांबट अंडीं कोंवळ्या पानाच्या पाठीवर एकेक करून घालते. अळी निघाली कीं पानावरून उतरून पोंग्यांत शिरते व पोंगा मरतो. पाठीवर बारीक लव असलेल्या व रोपावस्थेंत पान तुकतुकीत असलेल्या वाणांत हें नुकसान कमी आढळतें.

मेणाचा थर पाणी राखतो. ज्वारीच्या आवरणावर बोट फिरविल्यास पांढरी भुकटी हातास लागते, ती मेणाचीच. ओढ पडल्यावर ज्वारीचें पान लांबीनें सुरळी करतें, कारण वरच्या बाजूस मोठ्या पेशींच्या ओळी असून त्यांतील पाणी कमी झालें कीं पातें आंत मिटतें. दुपारीं मिटून संध्याकाळीं उघडत असेल तर पीक धीर धरून आहे असें समजावें. सूर्योदयाच्या वेळींहि पान सुरळीच राहिलें असल्यास पाणी देण्यास उशीर झाला आहे.

राहतां राहिलें टोंक व कड. पिंपळाच्या पानाचें लांब टोंक पावसाचें पाणी झटकन निथळून टाकतें हें सर्वांनीं पाहिलें आहे. पण टोंकावर व कडेवर आणखी एक सोय असते. पहांटे गहू, ज्वारी अगर भाताच्या रोपांच्या टोंकांवर, तसेंच अळू व टोमॅटो यांच्या कडांवर, ओळीनें थेंब उभे दिसतात. तें सर्व दंव नसतें. रात्रीं रंध्रें मिटलेलीं असतां मुळांनीं जोरानें वर लोटलेलें पाणी शिरांच्या शेवटास असलेल्या खास छिद्रांतून बाहेर येतें. दंव असतें तर पानभर सारखें पसरलें असतें. असे थेंब दिसले म्हणजे जमिनींत ओल आहे व मुळें काम करीत आहेत असा अर्थ. मात्र हें दार रोगासहि उघडें असतें. भाताचा कडा करपा हा रोग जिवाणूंपासून होतो. ते याच छिद्रांतून किंवा जखमेंतून आंत शिरतात, आणि म्हणूनच करपण्यास टोंकापासून व कडेपासून सुरुवात होते.

यावरून लावणीपूर्वीं भाताच्या रोपांचे शेंडे खुडावेत कीं न खुडावेत, या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. पिवळ्या खोडकिडीचा पतंग आपलीं अंडीं समूहानें पानाच्या टोंकाजवळ घालतो. शेंडे खुडल्यास अंडीं आयतींच निघून जातात. परंतु खुडलेलें प्रत्येक टोंक ही ताजी जखम असते, आणि लावणीच्या चिखलांत जिवाणु असल्यास ते तींतून सरळ आंत जातात. म्हणून ज्या शेतांत गेल्या हंगामीं खोडकिडीनें पोंगे वाळले व कडा करपा नव्हता तेथें शेंडे खुडावेत, आणि खुडलेले शेंडे बांधावर न टाकतां जमा करून नष्ट करावेत. जेथें कडा करपा पडला होता तेथें रोपें न खुडतां लावावींत व अंडीपुंज रोपवाटिकेंतच हातानें वेंचून काढावेत.